पुरळ नाही, तरी रात्रभर खाज!

खाज सुटली की आपण आधी साबण बदलतो, मग मलम बदलतो. पण दुखणे त्वचेचे नसून यकृताचे असेल तर?

कार्तिक महिना लागला की वाराणसीच्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्या भल्या पहाटेच जाग्या होतात. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या पाच नद्या इथे एकत्र येतात, अशी श्रद्धा आहे. कार्तिकस्नानासाठी काशीच्या घाटांमध्ये या घाटाचा मान मोठा. मराठी माणसाला तर हा परिसर मुळीच परका नाही. बिंदुमाधवाचे आजचे मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेले. घाटावरचा हजार दिव्यांचा दगडी दीपस्तंभ अहल्याबाई होळकरांचा म्हणून ओळखला जातो. शेजारच्या दुर्गाघाट, ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांमधून मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. त्यांच्याकडे किंवा धर्मशाळेत उतरून महिनाभर स्नान साधणारी महाराष्ट्रातली वडीलधारी मंडळीही असतातच.

अशा मुक्कामात एखाद्या आजींच्या अंगाला खाज सुटली, असे उदाहरणापुरते समजू या. घरातले काय म्हणतील? 'थंडीचे दिवस आहेत, अंग कोरडे पडले असेल.' 'नदीचे पाणी बाधले असेल.' सूनबाई मोहरीचे तेल कोमट करून चोळून देतील, मुलगा औषधाच्या दुकानातून खाजेचे मलम घेऊन येईल, शेजारच्या काकू कडुलिंबाच्या पाल्याचे पाणी सुचवतील. पुष्कळदा एवढ्यावर भागतेही. कारण थंडीत, उतारवयात त्वचा खरोखरच कोरडी होते.

पण कधी कधी भागत नाही. खाज तळहाताला आणि तळपायाला सुरू होते, संध्याकाळनंतर वाढते, रात्री झोपू देत नाही. अंगावर पुरळ नाही, गांधी नाहीत, खवडे नाहीत. दिसतात ते फक्त स्वतःच्याच नखांचे ओरखडे. अशी खाज महिनोन्‌महिने अंगावर काढली जाते आणि दुखणे कुठे आहे हे उशिरा कळते. ते असते उजव्या बरगडीखाली, म्हणजे यकृतात किंवा पित्ताच्या वाटेवर.

ही खाज वेगळी कशी ओळखावी?

खरूज, नायटा, ॲलर्जी यांत आधी त्वचेवर काहीतरी उठते आणि मग खाज येते. खरूज तर घरातल्या दोघातिघांना एकदमच होते. यकृताच्या खाजेत क्रम उलटा असतो. आधी खाज, मग खाजवून खाजवून झालेल्या जखमा, काळपट डाग आणि जाड झालेली कातडी. पाठीच्या मधोमध, जिथे आपला हात पोहोचत नाही, तेवढा भाग पुष्कळदा स्वच्छ राहतो. जाणकार डॉक्टर ही खूण मुद्दाम पाहतात.

दुसरी गोष्ट अशी की खाजवल्याने समाधान होत नाही. डास चावल्यावर खाजवले तर घटकाभर बरे वाटते. इथे रुग्ण कंगवा, खरखरीत टॉवेल, प्रसंगी विटेचा तुकडासुद्धा हाती घेतो, तरी कंड आतच राहते. 'कातडीच्या खाली खाजते आहे' असे रुग्ण सांगतात ते उगीच नाही.

आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट. या खाजेबरोबर कावीळ असलीच पाहिजे असे नाही. डोळे पिवळे दिसण्याच्या कितीतरी आधी, काही आजारांत तर वर्षे आधी, नुसती खाज हेच एकमेव लक्षण असू शकते. खाज किती तीव्र आहे यावरून यकृत किती बिघडले आहे, हेही ठरत नाही. थोड्या बिघाडात असह्य खाज आणि मोठ्या बिघाडात जराही नाही, असे दोन्ही पाहायला मिळते.

अर्थात पुरळाशिवाय येणारी प्रत्येक खाज यकृताचीच असते असेही नव्हे. मूत्रपिंडाचे विकार, थायरॉइड, मधुमेह, लोहाची कमतरता, रक्ताचे काही आजार, काही औषधे यांमुळेही अंग खाजते. म्हणूनच घरगुती तर्क बाजूला ठेवून तपासणी करायची.

मूळ कारण काय?

यकृत रोज पित्तरस तयार करते आणि तो बारीक नलिकांतून आतड्यात सोडते. ही वाट कुठेही अडली किंवा यकृताच्या पेशींनाच पित्त बाहेर टाकता येईनासे झाले, तर त्यातले घटक उलटे रक्तात उतरतात. पित्ताम्ले त्वचेत साचतात आणि खाज येते, असे पूर्वी सरळ मानले जाई. पण रक्तातील पित्ताम्ले आणि खाज यांचे प्रमाण नेमके जुळत नसे. २०१०मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी 'ऑटोटॅक्सिन' नावाच्या एका विकराकडे बोट दाखवले. यकृताच्या खाजेत तो रक्तात वाढतो आणि त्याच्यापासून तयार होणारा पदार्थ खाजेच्या मज्जातंतूंना चेतवतो. मेंदूतील नैसर्गिक अफूसदृश द्रव्यांचाही यात वाटा आहे.

हे सारे सांगायचे कारण असे, की ॲलर्जीत खाज आणणारा 'हिस्टामिन' हा पदार्थ इथे मुख्य गुन्हेगार नाही. त्यामुळे सर्दी-ॲलर्जीसाठी घेतल्या जाणाऱ्या खाजेच्या गोळ्यांनी गुंगी येते, पण खाजेला फारसा उतार पडत नाही. आणि यकृत खूप खराब झालेल्या रुग्णात गुंगीची गोळी मेंदूवर परिणाम करून घातकही ठरू शकते. 'झोप तरी लागेल' म्हणून दुकानातून परस्पर गोळ्या आणणे त्यासाठीच टाळावे.

कोणकोणते आजार?

पित्तनलिकेत अडकलेला खडा, पित्ताशयाचा, पित्तनलिकेचा किंवा स्वादुपिंडाच्या डोक्याकडील भागाचा कर्करोग, यांत वाट बाहेरून किंवा आतून बंद होते. 'प्रायमरी बिलियरी कोलँजायटिस' हा आजार शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे होतो. तो मुख्यतः मध्यमवयीन स्त्रियांना होतो आणि त्यात थकवा व खाज ही सुरुवातीची लक्षणे असतात. पूर्वी त्याच्या नावात 'सिऱ्होसिस' हा शब्द होता. निदानाच्या वेळी बहुतेकांना सिऱ्होसिस नसतेच, म्हणून २०१५मध्ये नाव बदलले गेले. विषाणूंमुळे होणाऱ्या काविळीतही काही दिवस खाज येते.

औषधांचा वाटाही लहान नाही. काही प्रतिजैविके, संततिनियमनाच्या गोळ्या आणि व्यायामशाळेत 'बॉडी' करण्यासाठी घेतली जाणारी स्टिरॉइड्स यांनी पित्ताचा प्रवाह अडतो. अंग पिळदार करू पाहणारा धडधाकट तरुण पिवळा पडून दोन-तीन महिने खाजेने बेजार होतो, असे रुग्ण डॉक्टरांना नवे नाहीत. 'वनस्पतीच आहे, अपाय काय होणार?' हा समजही तपासून घ्यावा. २०२१मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. डॉक्टरांना आपली सगळी औषधे सांगताना काढे, चूर्णे आणि भस्मेही सांगायची ती यासाठी.

गंगेच्या खोऱ्यात अधिक सावध

काशीचे उदाहरण घेण्यामागे आणखी एक कारण आहे. पित्ताशयाचा कर्करोग जगात एकंदरीने विरळा असला तरी उत्तर भारतात, गंगेच्या खोऱ्यात, त्याचे प्रमाण जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो अधिक आढळतो. पित्ताशयातील खडे हा त्याचा मोठा सोबती. दक्षिण भारतात हेच प्रमाण बरेच कमी आहे. खाज, कावीळ आणि वजन घटणे ही तिन्ही एकत्र दिसली, तर वाराणसीतला डॉक्टर या शक्यतेचा विचार लगेच करतो.

त्या दृष्टीने सोयी आता घाटापासून दूर नाहीत. बनारस हिंदू विद्यापीठाचे सर सुंदरलाल रुग्णालय पूर्वीपासून आहेच. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राने २०१८मध्ये लहरतारा येथे होमी भाभा कर्करोग रुग्णालय आणि २०१९मध्ये विद्यापीठाच्या आवारात महामना पंडित मदनमोहन मालवीय कर्करोग केंद्र सुरू केले. एकेकाळी काशीच्या रुग्णाला उपचारांसाठी परळ गाठावे लागे, ते आता परळच काशीत आले आहे.

पण वेळ जातो तो वेगळ्याच ठिकाणी. काविळीची माळ, चुन्याच्या पाण्याने हात धुऊन 'उतरवलेली' कावीळ, दंडावर दिलेला डाग! हे उत्तर प्रदेशातही आहे आणि महाराष्ट्रातही. माळेचे देठ वाळतात, दोरा सैल होतो आणि माळ लांबते. दूषित पाण्यातून झालेली साधी कावीळ बहुधा आपोआप काही आठवड्यांत बरी होते आणि श्रेय माळेला मिळते. मात्र नलिकेत खडा किंवा गाठ असेल, तर माळ गुडघ्यापर्यंत लांबली तरी पित्ताची वाट उघडत नाही. त्या काही आठवड्यांत शस्त्रक्रियेची संधी हातची जाऊ शकते.

तपासण्या सोप्या आहेत

सुरुवात रक्ताच्या साध्या तपासण्यांनी होते. बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फटेज, जीजीटी, एसजीपीटी. यांपैकी अल्कलाइन फॉस्फटेज आणि जीजीटी वाढलेले असतील तर पित्ताचा प्रवाह अडल्याचा संशय घेतात. सोबत उपाशीपोटी केलेली सोनोग्राफी. तिच्यात नलिका फुगलेल्या दिसल्या तर पुढे एमआरसीपी हे चित्रण. नलिका फुगलेल्या नसतील तर रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडांची, म्हणजे 'एएमए'ची तपासणी आणि घेत असलेल्या औषधांची झडती.

घरच्या घरी पाहण्यासारखी एक खूण मात्र जुनीच आहे. लघवी चहासारखी गडद आणि शौचाचा रंग फिका, मातकट. चरकसंहितेत कामलेच्या एका प्रकारात मळ वाटलेल्या तिळांसारखा दिसतो असे सांगितले आहे आणि त्याचे कारण पित्ताचा मार्ग अडणे हेच दिले आहे. ही खूण दिसली तर दोन दिवसही थांबू नये.

उपचार पायरीपायरीने

पहिला उपचार मूळ कारणाचा. नलिकेत खडा असेल तर दुर्बिणीद्वारे, म्हणजे ईआरसीपी करून, तो काढतात. गाठीमुळे वाट बंद असेल तर तिथे बारीक नळी, म्हणजे स्टेंट बसवतात. वाट मोकळी झाली की कित्येक रुग्णांची खाज काही दिवसांतच ओसरते. कर्करोग पूर्ण बरा होण्यासारखा नसला, तरी निदान झोप परत मिळते आणि ही गोष्ट लहान नाही.

वाट अडलेली नसेल आणि आजार दीर्घकाळ चालणारा असेल, तर औषधांची चढती पायरी असते.

पहिली पायरी कोलेस्टायरामीन. ही पाण्यात किंवा रसात कालवून घ्यायची पूड. ती आतड्यात पित्ताम्लांना धरून ठेवते आणि शौचावाटे बाहेर काढते. रात्रभर पित्ताशयात साठलेले पित्त न्याहारीबरोबर आतड्यात येते, म्हणून पूड न्याहारीच्या आधी आणि नंतर घेतली तर अधिक उपयोगी पडते. मात्र ती इतर औषधांनाही धरून ठेवते. म्हणून बाकीच्या गोळ्या तिच्या निदान एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनंतर घ्याव्यात. 'औषध लागू पडत नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा चुकलेली वेळ असते. चव बरी नसते, पोट फुगते, बद्धकोष्ठ होते. हे आधी माहीत असले तर रुग्ण दोन दिवसांत पुडी टाकून देत नाही.

दुसरी पायरी रिफाम्पिसिन. होय, क्षयरोगावरचेच औषध! खाजेवर ते चांगले काम करते, पण काही रुग्णांत यकृतालाच इजा करते. म्हणून ठराविक काळाने रक्त तपासावे लागते. लघवी नारिंगी होते, त्याला घाबरू नये. तिसरी पायरी नालट्रेक्सोन. हे अफूसदृश द्रव्यांचा परिणाम रोखते, म्हणून अगदी कमी मात्रेने सुरू करतात. अफूजन्य वेदनाशामके चालू असतील तर ते देत नाहीत. त्यानंतर सर्ट्रालिन. हे मूळचे नैराश्यावरचे औषध. ते दिले म्हणजे 'डॉक्टरांना खाज मनाची वाटते' असा अर्थ काढू नये. खाजेच्या संदेशावरच ते परिणाम करते.

अलीकडची भर म्हणजे बेझाफायब्रेट, रक्तातील चरबी कमी करणारे औषध. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील एका चाचणीत ते घेणाऱ्यांपैकी सुमारे ४५ टक्के रुग्णांची खाज निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाली. औषधाऐवजी दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ११ टक्के होते. जन्मजात पित्तविकार असलेल्या लहान मुलांसाठी आतड्यातून पित्ताम्लांचे पुनर्शोषण रोखणारी मॅरॅलिक्सिबॅट आणि ओडेव्हिक्सिबॅट ही औषधे २०२१मध्ये अमेरिकेत मान्य झाली. काही रुग्णांना विशिष्ट अतिनील किरणांचा उपचारही देतात. यातल्या कशानेच उतार पडला नाही, तर केवळ असह्य खाज या एका कारणासाठीही यकृतरोपणाचा विचार केला जातो. डॉक्टर हे दुखणे किती गंभीर मानतात, हे यावरूनच लक्षात यावे.

ही सर्व औषधे यकृतविकारतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच घ्यायची आहेत. एकाला लागू पडलेली गोळी दुसऱ्याला देऊ नये.

घरी काय करावे?

उष्णतेने ही खाज वाढते आणि गारव्याने कमी होते, एवढे लक्षात ठेवले तरी अर्धे काम झाले. कढत पाण्याने अंघोळ करू नये. कोमट किंवा साधे पाणी घ्यावे आणि दहा मिनिटांत अंघोळ उरकावी. साबण सौम्य व थोडा. अंग टिपून घ्यावे, घासू नये आणि ओलसर असतानाच खोबरेल किंवा साधे स्निग्ध मलम लावावे. मेंथॉलयुक्त मलमाने गारवा मिळतो. मोहरीचे तेल काहींच्या त्वचेला चुरचुरते, ते टाळलेले बरे. सुती, सैल कपडे वापरावेत. लोकरीचा स्वेटर अंगाला थेट लागू देऊ नये, आत सुती सदरा असावा. नखे बारीक कापावीत, रात्री हातात सुती मोजे घालावेत. खाज असह्य झाली तर खाजवण्याऐवजी ओले फडके त्या जागी दाबून धरावे.

आणि गंगास्नान?

श्रद्धेच्या प्रश्नाला तुच्छतेने उत्तर देऊन चालत नाही. गार पाण्याने खाजेला उतारच पडतो. अडचण आहे ती ओरखड्यांची. उघड्या जखमांतून नदीच्या पाण्यातील जंतू शिरतात आणि यकृत खराब झालेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती आधीच कमी असते. आचमनाबाबत तर अधिकच जपावे. 'ए' आणि 'ई' प्रकारची कावीळ दूषित पाण्यातूनच पसरते आणि आधीच दुबळ्या यकृताला ती झेपत नाही. अशक्त आणि आजारी माणसासाठी आपल्याच परंपरेने मंत्रस्नान, मानसस्नान असे पर्याय सांगितले आहेत. घाटावर बसून हात जोडावेत, घरी येऊन स्वच्छ पाण्याने अंघोळ करावी. पुण्यात काही उणे पडत नाही.

गर्भवतींनी थांबू नये

गरोदरपणात पोटावरची त्वचा ताणली गेल्याने थोडी खाज येतेच. पण शेवटच्या तीन महिन्यांत पुरळ नसताना तळहात-तळपाय रात्री खाजू लागले, तर 'बाळाचे केस वाढताहेत' असे म्हणून सोडून देऊ नये. हा गरोदरपणातील पित्तविकार असू शकतो. रक्तातील पित्ताम्लांची तपासणी करावी लागते. ती फार वाढली तर बाळाच्या जिवाला धोका संभवतो आणि डॉक्टर प्रसूती थोडी आधी घडवून आणतात. बाळंतपणानंतर खाज आपोआप जाते. पुढच्या खेपेस ती पुन्हा येऊ शकते, म्हणून नोंद जपून ठेवावी.

सोसण्याचे कौतुक नको

आपल्याकडे दुखणे सोसणाऱ्याचे कौतुक होते, विशेषतः घरातल्या बाईचे. पण वेदना म्हटले की सहानुभूती मिळते आणि खाज म्हटले की हसू येते. चारचौघांत खाजवायची लाज, रात्रीचे जागरण, सकाळी पुन्हा ओट्याशी उभे राहणे. महिनोन्‌महिने हे चालले की माणूस चिडतो, खचतो. 'जीव नकोसा झाला' हे शब्द कुणी उच्चारले तर ते बोलण्याची पद्धत म्हणून झटकून टाकू नका. २०२२पासून सुरू असलेल्या शासनाच्या 'टेली मानस' सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, तो विनामूल्य आहे. आणि यकृताच्या डॉक्टरांनाही हे वाक्य जसेच्या तसे सांगा, कारण उपचारांची पुढची पायरी केव्हा चढायची, हे त्यावरही ठरते.

एक साधी वही घाला. रोज रात्री खाजेला शून्य ते दहा असे गुण द्या, झोप किती तास लागली ते लिहा. दोन आठवड्यांची अशी वही डॉक्टरांसमोर ठेवली की 'खूप खाजते हो' या तक्रारीला वजन येते आणि औषधाचा गुणही कळतो. थंडी वाजून ताप आणि सोबत कावीळ, पोटात जोराची कळ, बरळणे किंवा गुंगी, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी काहीही दिसले, तर वही बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठावे.

तीन आठवडे पुरळाशिवाय खाज टिकली, तर चौथे मलम आणण्याआधी रक्त तपासा. तपासणी निर्दोष निघाली तर काही बिघडणार नाही. आणि दोष निघालाच, तर तो वेळेवर कळलेला असेल.